खाडी राखायला पैसा कुठून आणायचा आणि तो टिकवायचा कसा

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या गावांतल्या मुलांचे फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच, दादा आम्हाला आमच्या खाडीचं काम सुरू करायचंय, फंड कुठून मिळेल. प्रत्येकाशी अर्धा-पाऊण तास बोललो तरी काही ना काही सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. कांदळवन (खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातलं जंगल) असो, कासवांची घरटी असोत, कालवांचे खडक असोत नाहीतर समुद्रात वाहून आलेली जाळी काढायचं काम असो, पैशाचा हिशेब सगळीकडे साधारण सारखाच आहे.

आधी आमचं काय झालं ते सांगतो, कारण त्यातूनच हे सगळं शिकलो. आमच्या खाडीवर काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेकडून दोन वर्षांचा निधी आला. रोपवाटिका केली, एक फायबरची होडी घेतली, तीन पोरांना राखणदार म्हणून पगार सुरू केला, बोर्ड लावले, शाळेत कार्यक्रम झाले. गाव खूश, आम्ही खूश. मार्चअखेरीला निधी संपला. जूनपर्यंत एक पोरगा गोव्याला कामाला गेला, दुसरा मुंबईला, होडी आंब्याखाली उलटी पडून राहिली, रोपवाटिकेत पाणी घालायला कोणी नाही, आणि पावसाळा संपेपर्यंत जळणासाठी तिवर, म्हणजे कांदळवनातली झाडं, तोडायला परत सुरुवात झाली. त्या वेळी आमच्या वाडीतले एक आजोबा मला म्हणाले, "अरे बाबा, पैसो येतलो नि जातलो, झाडां कोण सांभाळतलो?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, अजून वाटतं.

चूक संस्थेची नव्हती, त्यांनी दोन वर्षं सांगितली होती आणि दोन वर्षं दिली. चूक आमची होती, कारण कायमचा खर्च आम्ही तात्पुरत्या पैशावर उभा केला. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे: कायमच्या खर्चाला कायम येणारा पैसा, आणि एकदाच्या खर्चाला एकदाच मिळणारा पैसा. हे उलटं झालं की काम बंद पडतं.

खर्चाचे दोन ढीग करा, मग पैसा शोधा

कोणालाही अर्ज करण्याआधी एक वही घ्या आणि दोन पानं करा. एका पानावर एकदाच लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे होडी, इंजिन, लाइफ जॅकेट, दुर्बिणी, जेट्टीजवळची शेड, पहिला अभ्यास, नकाशा. दुसऱ्या पानावर दर वर्षी लागणाऱ्या, म्हणजे राखणदारांचं मानधन, डिझेल, होडीची डागडुजी, विमा, ऑडिट, बैठकांचा खर्च. बहुतेक लोक पहिलं पान भरभरून लिहितात आणि दुसऱ्यावर दोन ओळी. खरं तर दुसरं पान म्हणजेच संवर्धन आहे. झाड लावणं एका दिवसाचं काम, पण गुरं आत शिरू न देणं, भराव पडतोय का बघणं, कोणी रात्री तोडायला येतंय का बघणं, हे रोजचं काम आहे आणि त्याला माणूस लागतो आणि त्या माणसाचं घर चालावं लागतं.

एक उदाहरण धरून चालू. समजा दोन राखणदार, महिना नऊ हजार प्रमाणे, वर्षाचे झाले २ लाख १६ हजार. डिझेल आणि डागडुजी ४० हजार. हिशेब लिहिणारी व्यक्ती आणि ऑडिट मिळून ३० हजार. शाळेचे कार्यक्रम, किनारा सफाई, चहापाणी २४ हजार. एकूण ३ लाख १० हजार. हा आकडा तुमच्या गावात वेगळा असेल, पण तो तोंडपाठ असायला हवा. मी आता कुठल्याही गावात गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमचं काम वर्षभर नुसतं चालू ठेवायला किती लागतात, आणि दहातल्या आठ ठिकाणी उत्तर येत नाही.

गावातला पैसा आधी

कोकणातल्या गावाकडे पैसा नाही असं आपणच बोलत असतो, पण देवळाचा जीर्णोद्धार निघाला की तोच गाव लाखो रुपये उभे करतो. कसे करतो? मुंबई मंडळाकडून. प्रत्येक गावाचं, काही ठिकाणी प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं, त्यांच्या पावत्या असतात, खजिनदार असतो, गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावात असतात. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि तिच्यावर लोकांचा विश्वास आहे. खाडीसाठी वर्षाला घरामागे ५०० रुपये मागितले आणि १२० घरांनी दिले तर ६० हजार झाले, आणि हा पैसा दर वर्षी येतो, त्याला प्रपोजल लागत नाही, रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहावा लागत नाही.

पण चाकरमान्यांकडे मागताना "पर्यावरण वाचवा" असं मोघम सांगून जमत नाही. त्यांना सांगा की लहानपणी ज्या खाडीत तुम्ही तिसऱ्या काढल्या तिथे आता किती मिळतात, वादळात कुठल्या बाजूची भातशेती खारट झाली आणि कुठली वाचली, मधे चिपीच्या झाडांचा पट्टा होता म्हणून बंधारा कसा टिकला. हे त्यांना लगेच कळतं कारण शेत त्यांचंच आहे.

आखातात असलेल्या आपल्या लोकांबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच काढतो, रत्नागिरीकडच्या गावांत तर हा प्रश्न हमखास येतो. परदेशात राहणारा माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्ट परदेशी झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, मग मात्र ती परदेशी धरली जाते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाही. त्यामुळे अशा देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत मागून फाईलला लावून ठेवा.

ग्रामपंचायतीला विसरू नका. गाव विकास आराखड्यात तुमचं काम घातलं तरच वित्त आयोगाच्या निधीतून काही होऊ शकतं, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो, त्यामुळे ग्रामसभेला जा, तिथे ठराव घ्या. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची असते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. बऱ्याच गावांत समिती फक्त कागदावर असते. ती जागी करा. कारण त्या समितीच्या नावाने स्थानिक निधी ठेवता येतो, आणि पुढे कुठल्याही अर्जात "नोंदवही तयार आहे" हे वाक्य लिहिता आलं तर समोरचा नीट वाचतो. माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू झालं, त्यात चांगलं काम करणाऱ्या ग्रामपंचायतींना बक्षिसाची रक्कम मिळते, पण बक्षिसावर पगार धरू नका, ते एकदाच्या पानात टाका.

पर्यटनाचा पैसा, आणि त्यातला धोका

वेळासचं उदाहरण सगळे देतात आणि द्यायलाच हवं. मंडणगड तालुक्यातलं गाव, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिल्लं बघायला आले, गावातल्या घरांत राहिले, घरचं जेवण जेवले, आणि घरटं वाचवण्यात गावाचा फायदा आहे हे गावाला दिसलं. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही की पैसा थेट चुलीपर्यंत पोचला. एखाद्या रिसॉर्टने तो घेतला असता तर अंडी राखायला गावातून कोण आलं असतं?

वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवन सफारी चालवून दाखवली. बायका स्वतः होडी वल्हवतात, झाडांची माहिती सांगतात. मी जेव्हा कुणाला हे सांगतो तेव्हा लगेच प्रश्न येतो की आम्ही पण सफारी काढू का. काढा, पण त्याआधी तिकिटाचा हिशेब बसवा. सफारी चालवणाऱ्यांची मजुरी, डिझेल किंवा वल्हवणाऱ्यांचा मोबदला, डागडुजी हे सगळं काढून तिकिटामागे ठरावीक रक्कम, समजा ३० रुपये, खाडीच्या खात्यात गेलीच पाहिजे आणि ती पहिल्या दिवसापासून गेली पाहिजे. "आधी धंदा बसू दे मग देऊ" असं जिथे जिथे झालं तिथे ते कधीच सुरू झालं नाही. हंगामात ३ हजार पर्यटक आले तर हे ९० हजार होतात. होमस्टेवाल्यांनी पाहुण्यामागे रात्रीचे ५० दिले आणि ८०० मुक्काम झाले तर ४० हजार.

परवानग्या आधी. प्रवासी होडीची नोंदणी आणि परवाना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, विमा काढलेला. कांदळवनाची जागा वनविभागाकडे असेल तर त्यांना सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यातल्या सगळ्या कांदळवनांना संरक्षण दिलंय आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे, तेव्हा सफारीसाठी तिवर तोडून जेट्टी बांधायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तर तिथेच थांबवा.

आता धोका. आपल्याकडे पर्यटन ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, पण राखणदाराला जेवण बारा महिने लागतं. त्याहून मोठं म्हणजे आपत्ती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो ऐन कासवांच्या हंगामात, लगेच ३ जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन-दिवेआगर, मंडणगड, दापोली पट्ट्यात माडपोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली, आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. लागोपाठ दोन हंगाम गेले. ज्यांचं सगळं पर्यटनावर होतं त्यांच्याकडे तेव्हा काहीच उरलं नाही. म्हणून मी म्हणतो की पर्यटनातून वर्षाच्या चालू खर्चाचा अर्ध्यापेक्षा जास्त भाग कधी धरू नका, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवा जो एरवी हात लावायचा नाही.

खाडीतून उत्पन्न

महाराष्ट्रात वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. त्यात गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती बनते, आणि खेकडापालन, पिंजऱ्यातले मासे, कालवं आणि शिनाणे (दोन्ही शिंपल्यातले जीव) पालन, शोभिवंत मासे, मधमाश्या, निसर्ग पर्यटन असे उद्योग देतात. सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के शासन आणि १० टक्के गट, वैयक्तिकला ७५ आणि २५. कोकणातल्या खाडीकाठच्या गावाने पैशासाठी सगळ्यात आधी जर कुठे जायचं असेल तर इथे. चौकशीला तुमच्या भागातल्या कांदळवन कक्षाच्या ऑफिसात जा, ग्रामसभेचा ठराव घेऊन जा, नुसतं तोंडी विचारून येऊ नका.

कुठला उद्योग निवडायचा यावर माझं मत सांगतो. कालवं आणि शिनाणे पहिली पसंती, कारण ते पाण्यातलंच गाळून खातात, वरून खाद्य घालावं लागत नाही, खर्च कमी आणि पाणी घाण होत नाही. उलट पाणी खराब झालं तर आधी त्यांच्यावरच परिणाम होतो, त्यामुळे गट आपोआप खाडीच्या पाण्यावर लक्ष ठेवतो. खेकड्याला भाव चांगला पण बीज मिळवणं, खाद्य, आणि पळून जाणं किंवा एकमेकांना खाणं हे सगळं सांभाळावं लागतं, एकदम मोठ्या संख्येने सुरू करू नका. पिंजऱ्यातल्या माशांना रोज खाद्य लागतं आणि त्याचे पैसे विक्रीच्या आधी लागतात, हातात खेळतं भांडवल नसेल तर ते पहिल्या वर्षी घेऊच नका.

आणि इथेही तेच, विक्रीच्या पैशातला ठरलेला टक्का, पाच तर पाच, खाडीच्या खात्यात. गटाच्या पहिल्याच मिटिंगमध्ये लिहून सह्या घ्या. नंतर मागायला गेलात तर भांडणं होतात. माझ्या वहिनींच्या गटात मी हे बघितलंय, पहिल्या विक्रीआधी ठरलं होतं म्हणून आजपर्यंत एकही वाद नाही.

मच्छीमार भावांसाठी एक वेगळी गोष्ट. जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी (व्हेल शार्क) किंवा असा संरक्षित प्राणी अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं तर राज्य सरकारची नुकसानभरपाई आहे, २५ हजार रुपयांपर्यंत, २०१८ च्या शेवटी सुरू झाली. प्राणी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ आणि फाटलेल्या जाळ्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा आणि अर्ज करा. याला संवर्धनाचा निधी कोणी म्हणत नाही, पण माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात सरळ निधी आहे, ज्याचं नुकसान झालं त्यालाच पैसे.

मोठे प्रकल्प

सिंधुदुर्गात याआधी यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था) आणि जागतिक पर्यावरण सुविधेचा सागरी जैवविविधता प्रकल्प होऊन गेला. नंतर ग्रीन क्लायमेट फंड या हवामान बदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीने २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. केंद्राची मिष्टी योजना ५ जून २०२३ ला सुरू झाली, देशभरात ५४० चौरस किलोमीटर कांदळवनाचं उद्दिष्ट. हे आकडे वाचून डोळे दिपतात, पण एका वाडीने यातला पैसा थेट मागायचा नसतो, तो वनविभागामार्फत येतो, आणि तुम्ही तयार असाल तर तुमच्या खाडीवर येतो. तयार म्हणजे समिती आहे, ठराव आहे, जागेचा नकाशा आहे, माणसं आहेत. सगळ्या मोठ्या प्रकल्पांना शेवटची तारीख असते. ती तारीख पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहा आणि त्यातून होडी घ्या, शेड घ्या, प्रशिक्षण घ्या, पगार शक्यतो घेऊ नका. घ्यावाच लागला तर दर वर्षी त्यातला थोडा भाग गावाच्या पैशावर सरकवा, पहिल्या वर्षी सगळा प्रकल्पाचा, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश. आम्ही हे केलं असतं तर ती पोरं आज गावात असती.

संस्था नोंदणी आणि कंपन्यांचा पैसा

बचत गटावर किंवा समितीवर बरंच काम होतं, पण कंपनीचा पैसा घ्यायचा तर नोंदणीकृत संस्था लागते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदता येतो, किंवा सेक्शन आठची (नफा न वाटणारी) कंपनी काढता येते. मग आयकराच्या दोन नोंदण्या, ज्यांना सगळे बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात. ऐंशी-जी असेल तर जुनी करपद्धत निवडलेल्या देणगीदाराला करात सवलत मिळते, पण २ हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर मिळत नाही, म्हणून चाकरमान्यांना सांगा की यूपीआय नाहीतर चेक. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद, आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म (सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च), जो एप्रिल २०२१ पासून लागतो. एक चांगला सीए शोधा, तालुक्याच्या गावात मिळतो, आणि त्याची फी दुसऱ्या पानावर लिहा.

तीन वर्षं जुनी नसलेली संस्था सीएसआरचा पैसा सहसा थेट घेऊ शकत नाही, कारण नियमात तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागितलाय. मग काय करायचं? जुन्या, नाव असलेल्या संस्थेबरोबर करार करून काम करायचं, आणि तेवढ्यात आपली तीन वर्षं पूर्ण होऊ द्यायची. घाईने नवीन ट्रस्ट काढून लगेच पैसे मागत फिरण्यात सहा महिने फुकट जातात.

कायदा असा आहे की ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १ हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि पर्यावरण त्या यादीत आहे. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. कोकणात लोटे, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, थळ अशा पट्ट्यांत मोठे कारखाने आहेत, त्यांची सीएसआर समितीची माणसं जवळच आहेत, मुंबईला जायची गरज नाही. बजेट एप्रिलपासून असतं, म्हणून जानेवारीत जाऊन भेटा. मार्चमध्ये गेलात तर उरलेले पैसे संपवायच्या घाईत तुमच्या गळ्यात हजार टी-शर्ट आणि एक झाडं लावायचा इव्हेंट पडेल.

इथे एक तत्त्वाचा प्रश्न येतो आणि तो टाळू नका. ज्या कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल तुमचेच मच्छीमार तक्रार करतात त्याचा पैसा घ्यायचा का? माझं स्पष्ट मत आहे की तक्रार चालू असेल तोपर्यंत घेऊ नये, कारण घेतल्यावर तोंड बंद होतं, कोणी सांगितलं नाही तरी होतं. हा निर्णय दोन पदाधिकाऱ्यांनी घ्यायचा नसतो, ग्रामसभेत आणि मच्छीमार सोसायटीत विचारा. आणि हे लक्षात ठेवा की कंपनीला कायद्याने जी भरपाई लागवड करावीच लागते ती सीएसआरमध्ये धरता येत नाही, कोणी तसं सुचवलं तर नाही म्हणा.

करारात दोन गोष्टी मागून घ्या. एक, पैसा किमान तीन वर्षांचा, दर वर्षी वेगळा अर्ज नको. दोन, यश मोजायचं ते किती रोपं लावली यावर नको, तीन वर्षांनी किती जगली आणि खाडीत पाणी नीट येतं-जातं का यावर. चिखलाच्या उघड्या पट्ट्यावर आकडा पूर्ण करायला कांदळाच्या शेंगा खोचत सुटायचं आणि पहिल्याच उधाणात त्या वाहून जायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बऱ्याचदा अडलेलं पाणी मोकळं केलं, एखादा जुना बांध योग्य जागी फोडला, तर तिवर आपोआप येतो. पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत, आणि ते बदलायचं असेल तर आपणच देणाऱ्याला समजावायला हवं.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षं पूर्ण आणि त्या तीन वर्षांत किमान १५ लाख खर्च केलेले लागतात, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावं लागतं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एक संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे मोठी संस्था तुमच्या गावात स्वतः खर्च करू शकते पण तुमच्या खात्यात टाकू शकत नाही. लहान गटाने या मागे लागू नये असं मला वाटतं.

कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या हिशेबावर पैसे मिळवण्याबद्दल, हल्ली सगळेच विचारतात. कोणी एजंट येऊन सांगतो की तुमच्या कांदळवनाचे डॉलर मिळतील, सही करा. सही करू नका. एक तर बहुतेक कांदळवन सरकारी जमिनीवर आणि वनविभागाच्या ताब्यात, त्याचा कार्बन विकायचा अधिकार तुमच्याकडे असेलच असं नाही. दुसरं, जे जंगल आधीच कायद्याने सुरक्षित आहे ते "आमच्यामुळे वाचलं" हे सिद्ध करणं अवघड. तिसरं, मोजणी आणि तपासणीचा खर्च इतका की पाच-दहा हेक्टरवर तो निघतच नाही. अनेक गावं मिळून, सरकार सोबत असेल, तरच हा विषय काढा.

कायम निधी

आता परत आपल्या उदाहरणाकडे. पर्यटनाचे ९० हजार, होमस्टेचे ४० हजार, मुंबई मंडळाचे ६० हजार, झाले १ लाख ९० हजार. खर्च ३ लाख १० हजार. म्हणजे १ लाख २० हजार कमी पडतात. इथे कायम निधी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायची ठेव, उपयोगी पडतो. १० लाखांची ठेव असेल आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७० हजार. राहिले ५० हजार, ते कालवांच्या विक्रीचा टक्का आणि ग्रामपंचायत मिळून निघतात. यात कुठेही बाहेरच्या प्रकल्पाचा पैसा नाही, तो आला तर होडी नवीन घ्यायची, नाही आला तर राखणदाराचा पगार चालूच.

१० लाख एकदम जमत नाहीत. आम्हीही हळूहळू जमवतोय. लग्नाच्या, वाढदिवसाच्या, आई-वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणग्या सरळ या निधीत टाकायच्या असं आम्ही ठरवलंय, आणि लोक आनंदाने देतात, कारण मुद्दल कायम राहणार हे त्यांना आवडतं. कागदाचं एक काम मात्र चुकवू नका, कायम निधीसाठी दिलेली देणगी आहे असं देणगीदाराने लेखी लिहून द्यावं लागतं आणि ती आयकर कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच, म्हणजे बँक ठेव वगैरे, गुंतवावी लागते. नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करायचा नियम लागतो, मग निधी साठणार कसा. शिवाय ट्रस्टच्या ठरावातच लिहा की मुद्दलाला हात लावायचा असेल तर ग्रामसभेची मंजुरी लागेल.

हिशेब उघडा ठेवा

पैसा आणण्यापेक्षा विश्वास टिकवणं जड आहे. आमच्याकडे जेट्टीवर एक फळा आहे, त्यावर महिन्याचा जमा आणि खर्च खडूने लिहिलेला असतो, डिझेलच्या बिलासकट. सुरुवातीला काही जणांना ते आवडलं नाही, पण दोन वर्षांनी वर्गणी न मागता यायला लागली. बँक खात्यावर तीन सह्या, त्यातली एक बाई असावी आणि एक मच्छीमार, सगळे एकाच भावकीतले नकोत. कामाची नोंदही पैशाइतकीच ठेवा, राखणदाराने रोजची फेरी वहीत लिहायची, दर तीन महिन्यांनी ठरलेल्या पाच जागांवर त्याच कोनातून फोटो काढायचा तारखेसकट. ही वही आणि हे फोटो दाखवून आम्हाला एकदा जे काम मिळालं ते पंचवीस पानांच्या प्रपोजलने मिळालं नव्हतं.

सुरुवात कधी करायची

पावसाळ्यात. होड्या वर असतात, माणसं घरी असतात. जून-जुलैमध्ये दोन पानांची वही पूर्ण करा, ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. गणपतीला सगळे चाकरमानी गावात येतात, आरतीनंतर देवळात दहा मिनिटं मागून घ्या, वही वाचून दाखवा, वर्गणीची सुरुवात तिथेच करा आणि पहिली पावती सरपंचांच्या नावाने फाडा. दिवाळीपर्यंत कांदळवन कक्षाकडे अर्ज, नोव्हेंबरपासून कासवांची घरटी असतील तर राखण, जानेवारीत कंपन्यांच्या भेटी. शिमग्याला परत सगळे जमतात तेव्हा गणपतीत घेतलेल्या पैशाचा हिशेब पालखीच्या आधी वाचायचा, पैसे ११ हजारच जमले असले तरी वाचायचा, आणि किती राहिले ते पासबुकाच्या शेवटच्या ओळीसकट दाखवायचं.